रोध वाढला तर उष्णता वाढते की घटते?

दहावीच्या विज्ञानात ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा धडा सुरू झाला की वर्गातलं एखादं चौकस मूल एक शंका विचारतंच. फळ्यावर विद्युत शक्तीची दोन सूत्रं लिहिलेली असतात. एक सांगतं, करंटचा वर्ग करा आणि रोधाने गुणा. दुसरं सांगतं, व्होल्टेजचा वर्ग करा आणि रोधाने भागा. पहिल्याप्रमाणे रोध वाढला की उष्णता वाढायला हवी, दुसऱ्याप्रमाणे घटायला हवी. मग खरं कोणतं? दोन्ही सूत्रं बरोबर आहेत एवढं सांगून पुढचं गणित घेतलं जातं आणि शंका तशीच राहून जाते. माझ्या मते त्या धड्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही शंकाच आहे. घरातला काळवंडलेला प्लग, शेतातली जळालेली मोटार, लोकलच्या डोक्यावरची तार आणि ओल्या पायांनी स्टार्टरला हात लावणारा माणूस, या सगळ्यांचा हिशेब तिच्या उत्तरात आहे.

आधी साधं गणित. व्होल्टला अँपिअरने गुणलं की वॅट मिळतात आणि व्होल्टला अँपिअरने भागलं की ओहम. गिझरवरच्या पट्टीवर २३० व्होल्ट, २००० वॅट असं लिहिलेलं असतं. २००० ला २३० ने भागलं तर करंट ८.७ अँपिअर. २३० ला ८.७ ने भागलं तर गिझरच्या कॉइलचा रोध साधारण २६.४ ओहम. हजार वॅटच्या इस्त्रीचा करंट याच्या निम्मा, म्हणून तिचा रोध जवळजवळ ५३ ओहम. जास्त तापणाऱ्या गिझरचा रोध कमी आणि कमी तापणाऱ्या इस्त्रीचा जास्त, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला उलटं वाटतं. व्होल्ट, अँपिअर, ओहम आणि वॅट या चारांपैकी कोणतेही दोन माहीत असले की उरलेले दोन काढता येतात आणि त्याला गुणाकार-भागाकाराच्या पलीकडे काही लागत नाही. खरी परीक्षा पुढे असते. हातातले दोन आकडे कुठे मोजले, कोणत्या क्षणी मोजले आणि परिस्थिती बदलली तर त्यांतला कोणता जागचा हलणार नाही, हे ओळखता आलं नाही तर उत्तर गणिताने बरोबर आणि व्यवहारात चूक येतं.

हा भागाकार आज सोपा वाटतो, पण तो हाती यायला बराच काळ गेला. इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिशने १७८१ च्या सुमारास मिठाच्या पाण्याच्या नळ्यांतून वीज साठवणारे लायडन जार रिकामे करून, स्वतःच्या अंगाला बसणारा झटका किती जोराचा आहे यावरून या संबंधाचा अंदाज बांधला होता. मोजायला उपकरण नव्हतं, म्हणून त्याने स्वतःचं शरीर वापरलं. त्याने ते छापलं मात्र नाही. मॅक्सवेलने त्याचे कागद प्रसिद्ध केले ते १८७९ मध्ये, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी. दरम्यान जर्मनीत कलोनच्या एका शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या गेऑर्ग सायमन ओहमने हे काम नव्याने आणि नेटाने केलं. त्याची पहिली मोजमापं १८२५ ची. त्यांतून त्याने काढलेला नियम चुकला, आणि चुकीचं कारण आजही शिकण्यासारखं आहे. तो वापरत होता त्या रासायनिक बॅटऱ्यांचं व्होल्टेज मोजता मोजताच उतरत असे. एक आकडा स्थिर धरून दुसरा मोजायचा, तर स्थिर धरलेलाच घसरत होता.

पोगेनडॉर्फ या भौतिकशास्त्रज्ञाने त्याला थर्मोकपल वापरायला सुचवलं. बिस्मथ आणि तांब्याचा जोड, त्याचं एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं वितळत्या बर्फात. पाणी उकळण्याचं आणि बर्फ वितळण्याचं तापमान हलत नाही, म्हणून व्होल्टेजही हलत नाही. मग ओहमने एकाच जाडीच्या, वेगवेगळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा एकेक करून जोडल्या आणि तारेवर टांगलेली चुंबकसूची किती वळते ते नोंदवलं. त्यातून निघालेला नियम त्याने १८२७ च्या पुस्तकात मांडला. जर्मनीत त्याचं स्वागत थंड झालं आणि कलोनची नोकरीही त्याने सोडली. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला १८४१ मध्ये कोपली पदक दिलं, तेव्हा कुठे त्याच्या कामाची किंमत सगळ्यांना कळली.

उष्णतेचा भाग जोडला तो जेम्स जूलने. मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डमधल्या मद्याच्या कारखानदाराचा हा मुलगा. १८४० च्या शेवटी, वयाच्या बाविशीच्या आसपास, त्याने तारेचं वेटोळं पाण्यात बुडवलं, करंट सोडला आणि पाणी किती तापतं ते मोजलं. करंट दुप्पट केला की उष्णता चौपट. फळ्यावरचं पहिलं सूत्र इथून आलं. ओहमचा भागाकार त्यात घातला की दुसरं सूत्र आपोआप तयार होतं. सूत्रं दोन दिसत असली तरी नियम एकच आहे.

मग शंकेचं उत्तर काय? ते तुम्ही काय स्थिर धरता यावर आहे. घरात सगळी उपकरणं समांतर जोडलेली असतात आणि प्रत्येकाला जवळपास तेच २३० व्होल्ट मिळतात. व्होल्टेज हलत नाही, म्हणून तिथे दुसरं सूत्र चालतं. रोध जितका कमी तितके वॅट जास्त, म्हणून गिझरचा रोध इस्त्रीपेक्षा कमी. पण त्याच गिझरच्या प्लगची पिन सॉकेटमध्ये ढिली झाली तर? तो ढिला जोड गिझरच्या एकसर जोडणीत येतो. त्यातून किती करंट जायचा हे जोड ठरवत नाही, गिझर ठरवतो. इथे करंट जागचा हलत नाही, म्हणून पहिलं सूत्र लागू. जोडाचा रोध ०.३ ओहम झाला असं धरा. ८.७ चा वर्ग सुमारे ७६, त्याला ०.३ ने गुणलं की २३ वॅट. दुकानात मिळणारा साधा सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो. म्हणजे भिंतीवरच्या प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये एक सोल्डरिंग आयर्न रोज सकाळी तासभर चालू ठेवल्यासारखं झालं. गिझरचा करंट मात्र ८.७ वरून ८.६ वर आला, एवढाच फरक. पाणी नेहमीसारखंच तापतं आणि १६ अँपिअरच्या एमसीबीला काही वावगं दिसत नाही. ती करंट जास्त झाला तर पडते, इथे तो किंचित कमीच झाला आहे. जोड तापला की पितळेवर काळा थर येतो, थराने रोध आणखी वाढतो आणि त्याने जोड आणखी तापतो.

हे कुठवर चालेल, याचंही गणित सुंदर आहे. जोडाचा रोध गिझरच्या रोधाएवढा, म्हणजे २६.४ ओहम झाला की करंट निम्मा होतो आणि जोडात ५०० वॅट जळतात. ही त्याची कमाल. त्यापुढे रोध वाढला तर जोडातली उष्णता कमी होत जाते, कारण आता करंट ठरवणारा मुख्य घटक तो जोडच झालेला असतो. रोध वाढताना उष्णता आधी वाढते, मग घटते. वर्गातल्या मुलाला एवढं एक उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवलं तरी दोन्ही सूत्रांचं भांडण मिटतं. अर्थात प्रत्यक्षातलं सॉकेट त्या टोकाला पोहोचण्याच्या कितीतरी आधी वितळलेलं असतं.

यापेक्षा मोठं आणि महाराष्ट्राला जिव्हाळ्याचं उदाहरण शेतीपंपांचं आहे. एका डीपीवरून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरून, निघालेली लघुदाबाची लाइन अर्धा किलोमीटर गेली आहे आणि तिच्या टोकाला पाच अश्वशक्तीच्या दहा मोटारी आहेत असं धरू. अशी एक मोटार ४१५ व्होल्टला साधारण साडेसात अँपिअर घेते. दहांचे मिळून ७५ अँपिअर. गावाकडच्या लाइनवर जी तार फार दिसते तिला लाइनमन ‘वीझल’ म्हणतात. अॅल्युमिनियम-पोलादाच्या या तारांना प्राण्यांची नावं देण्याची रीत आहे, वीझल, रॅबिट, डॉग. वीझलचा रोध किलोमीटरला सुमारे ०.९ ओहम, म्हणजे अर्ध्या किलोमीटरला ०.४५. फक्त रोध धरला तरी दर फेजमागे ३४ व्होल्ट वाटेतच जातात. डीपीपाशी २४० असलेले टोकाला २०६ उरतात, म्हणजेच ४१५ चे ३५७ होतात. तिन्ही तारांत मिळून उष्णता किती? ७५ चा वर्ग ५,६२५, गुणिले ०.४५, गुणिले तीन. साडेसात किलोवॅट. एक मोटार सहज चालेल एवढी वीज पाखरांच्या पायाखाली तापून वाऱ्यावर जाते.

आता मोटारीकडे पाहा. गिझरला व्होल्टेज कमी मिळालं तर तो कमी करंट घेतो. २३० च्या जागी १८० मिळाले तर २००० वॅटचा गिझर १,२२५ वॅटचा होतो. पंचवीस लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ वर न्यायला २६ मिनिटांऐवजी ४३ मिनिटं लागतात. उशीर होतो, पण काही जळत नाही. मोटार उलट वागते. विहिरीतलं पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचं असतं, म्हणून तिला शक्ती जवळपास तेवढीच लागते. व्होल्टेज घटलं तर ती करंट वाढवून भरपाई करते. ३५७ व्होल्टला साडेसातच्या जागी पावणेनऊ अँपिअरच्या आसपास. वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे ३५ टक्क्यांच्या घरात जास्त. वाढलेल्या करंटने लाइनवरचं व्होल्टेज आणखी पडतं आणि शेजारच्या मोटारीही तापू लागतात. उन्हाळ्यात, सगळ्यांना एकाच आठ तासांत पाणी द्यायचं असताना, वाइंडिंगच्या दुकानांत मोटारींची रांग लागते ती यामुळे. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले अशा वेळी मोटार बंद करतो. तो सारखा पडतो म्हणून त्याचं सेटिंग वाढवणं किंवा तो बाजूला काढून जोडणी डायरेक्ट करणं हा उपाय नव्हे. तो पडतोय म्हणजे मोटार वाचतेय.

याच हिशेबातून दोन साध्या गोष्टी निघतात, ज्या महावितरण शेतकऱ्यांना वर्षानुवर्षं सांगत आली आहे. एक, कॅपॅसिटर लावा. मोटारीचा पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट-अँपिअरपैकी खरे वॅट होणारा वाटा, ०.७५ वरून ०.९५ वर गेला तर लाइनवरचा करंट एकवीस टक्क्यांनी उतरतो आणि तारेतली उष्णता अडतीस टक्क्यांनी. दोन, वीज येताच मोटार आपोआप सुरू करणारा ऑटोस्विच काढा. मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. वीज येताच दहाही मोटारी एकदम सुटल्या तर त्या काही सेकंदांत लाइनवर ७५ च्या जागी चारशे अँपिअर असतात आणि डीपी जळते. मग ती बदलून येईपर्यंत सगळ्यांचंच पीक वाळतं. पण दोष एकट्या शेतकऱ्याचा मानणं मला मान्य नाही. लांब आणि बारीक लघुदाबाची लाइन ही मूळ रचनेतली अडचण आहे. महावितरणने २०१८ पासून हाती घेतलेली उच्चदाब वितरण प्रणाली नेमकी तिथे हात घालते. अकरा हजार व्होल्टची तार विहिरीजवळ न्यायची आणि एक-दोन शेतकऱ्यांना एक छोटा ट्रान्सफॉर्मर द्यायचा. वरच्या उदाहरणातली तीच वीज त्याच वीझल तारेतून ११,००० व्होल्टला नेली तर करंट तीन अँपिअरच्याही खाली येतो, आणि साडेसात हजार वॅटच्या जागी सुमारे ११ वॅट वाया जातात. एवढा प्रचंड फरक फक्त वर्गामुळे पडतो. मोठ्या आकड्यांच्या घोषणांपेक्षा हा एक भागाकार या योजनेच्या बाजूने जास्त जोराने बोलतो. ती जितक्या लवकर शेवटच्या विहिरीपर्यंत पोहोचेल तितकं बरं.

मुंबईच्या लोकलने हाच धडा नव्वद वर्षांत गिरवला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी हार्बर मार्गाने धावली, ती १,५०० व्होल्ट डीसीवर. एखादी गाडी तीन हजार किलोवॅट ओढते असं धरलं तर त्या व्होल्टेजला करंट होतो २,००० अँपिअर. एवढा करंट वाहायचा तर जाड तारा हव्यात आणि थोड्या थोड्या अंतरावर सबस्टेशनं. पंचवीस हजार व्होल्टला तीच गाडी १२० अँपिअरमध्ये भागवते. सारख्या तारेत उष्णतेचा फरक पावणेतीनशे पटींचा. पश्चिम रेल्वेचं रूपांतर २०१२ मध्ये पूर्ण झालं. मध्य रेल्वेचा शेवटचा डीसी मार्ग एप्रिल २०१६ मध्ये बदलला आणि तोही हार्बरच होता. याहून मोठ्या प्रमाणावर पाहायचं तर चंद्रपूर ते पडघे ही १९९९ मध्ये सुरू झालेली डीसी वाहिनी आहे. तिच्या एका तारेवर अधिक पाच लाख व्होल्ट, दुसऱ्या तारेवर उणे पाच लाख, आणि क्षमता १,५०० मेगावॅट. दहा लाख व्होल्टने भागा, करंट येतो फक्त १,५०० अँपिअर. तीच वीज घरगुती २३० व्होल्टला न्यायची म्हटली तर ६५ लाख अँपिअर लागतील. विदर्भातल्या कोळशाची वीज साडेसातशे किलोमीटर दूर मुंबईच्या उंबरठ्यावर पोहोचते ती या भागाकाराच्या जोरावर.

इथपर्यंत तारेचा रोध आपण ठरलेला धरला. तो तसा असतोच असं नाही. शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब घ्या. शंभरला २३० ने भागलं तर करंट ०.४३ अँपिअर आणि रोध ५२९ ओहम. आता तोच बल्ब होल्डरमधून काढून, थंड असताना, मल्टिमीटरवर मोजा. ३५ ते ४० ओहमच्या आसपास आकडा दिसेल. ३८ धरून २३० व्होल्टला किती वॅट होतात ते काढलं तर जवळजवळ १,४०० येतात. पट्टीवर शंभर आणि हिशेबात चौदाशे, मग चुकलं कोण? कोणीच नाही. टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या घरात तापते आणि तिचा रोध चौदापट होतो. मल्टिमीटरने सांगितला तो थंड तारेचा रोध आणि पट्टीवर लिहिली आहे ती तापलेल्या तारेची शक्ती. बल्ब बहुतेकदा बटण दाबताच उडतो, चालू असताना सहसा नाही, त्याचंही कारण हेच. पहिल्या क्षणी त्यातून कित्येक पट करंट जातो. नववीच्या प्रयोगात नायक्रोमची तार देतात, कारण तिचा रोध तापमानाने फारसा बदलत नाही आणि आलेखावर सुरेख सरळ रेषा येते. मुलांनी सरळ रेषा जरूर काढावी, पण त्याच तासाला टॉर्चचा छोटा बल्ब लावून वाकडी रेषाही काढावी. ओहमचा नियम प्रत्येक वस्तूला लागू नाही आणि कुठे लागू नाही हे कळणं हा तो नियम शिकण्याचाच भाग आहे.

बदलणारा रोध नेहमी अडचणच करतो असंही नाही. तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्क्यांनी वाढतो आणि हे इतकं नेमकं आहे की मोटारीच्या आतलं तापमान त्यावरून काढतात. सकाळी थंड मोटारीची वाइंडिंग ३० अंशांना २.० ओहम भरली आणि चालवून बंद केल्या केल्या २.६ भरली, तर आत सरासरी १०९ अंश तापमान होतं असा हिशेब येतो. आत थर्मामीटर घालायची गरज नाही. कारखान्यांतल्या भट्ट्यांत प्लॅटिनमची तार याच कामाला असते. शून्य अंशाला १०० ओहम आणि शंभर अंशांना १३८.५.

एसीवर चालणारी यंत्रं आणखी वेगळी. एका पाणीमोटारीची वाइंडिंग मल्टिमीटरवर समजा ४ ओहम दाखवते. २३० भागिले ४ केलं तर ५७ अँपिअर. प्रत्यक्षात एक अश्वशक्तीची सिंगल फेज मोटार सहा-सात अँपिअर घेते. बाकीचा विरोध तांब्याचा नसतो. वेटोळ्यात चुंबकत्व दर सेकंदाला पन्नास फेरे बदलतं आणि फिरणारा रोटर उलट व्होल्टेज तयार करतो, तोच करंट अडवतो. हा विरोध उष्णता करत नाही, म्हणून व्होल्ट गुणिले अँपिअर केलं की वॅट मिळत नाहीत, व्होल्ट-अँपिअर मिळतात. खरे वॅट काढायला पॉवर फॅक्टरने गुणावं लागतं. साडेसहा अँपिअर गुणिले २३० म्हणजे सुमारे १,५०० व्होल्ट-अँपिअर, आणि पॉवर फॅक्टर ०.८ असेल तर १,२०० वॅट. घरगुती मीटर फक्त खरे वॅट मोजतो. मोठ्या उद्योगांना मात्र महाराष्ट्रात २०२० पासून व्होल्ट-अँपिअरच्या हिशेबाने बिल येतं, कारण तारा तापतात त्या पूर्ण करंटने, उपयोगी पडलेल्या करंटने नव्हे. मला हा बदल न्याय्य वाटतो.

मोजण्याच्या पद्धतीबद्दल दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. पहिली लहान रोधाची. मल्टिमीटरच्या स्वतःच्या वायरी आणि टोकं मिळून ०.२-०.३ ओहम सहज भरतात. अर्ध्या ओहमची वाइंडिंग त्याने मोजली तर उत्तर दीडपट येतं. त्यावरचा उपाय लॉर्ड केल्विनच्या नावाने ओळखला जातो. वायरींच्या एका जोडीतून ठरलेला करंट सोडायचा आणि दुसऱ्या जोडीने नेमक्या त्या दोन बिंदूंमधलं व्होल्टेज वाचायचं. व्होल्टमीटरच्या वायरीतून करंट जवळजवळ जातच नाही, त्यामुळे तिचा रोध हिशेबात शिरत नाही. ढिला जोड शोधायलाही हीच युक्ती. चालू गिझरच्या सर्किटमध्ये जोडाच्या दोन बाजूंना व्होल्टमीटर लावला आणि अडीच व्होल्ट दिसले, तर तारेभोवती पकडून करंट मोजणाऱ्या टाँग टेस्टरवरच्या ८.६ अँपिअरने भागा. ०.३ ओहम. हे काम चालू लाइनवरचं आहे, ते वायरमननेच करावं.

दुसरी गोष्ट कोणालाही करता येईल. घरच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुकी ते लिहिलेलं असतं, पुष्कळ मीटरांवर ३,२०० असतं. घरातलं सगळं बंद करून फक्त इस्त्री लावा आणि एक मिनिट मोजा. ५३ वेळा लुकलुकला तर तासाला ३,१८०, म्हणजे जवळपास एक युनिट, म्हणजे हजार वॅट. पट्टीवर लिहिलेले वॅट खरे आहेत का याचा पडताळा एका मिनिटात मिळतो. ना तार सोडवायची, ना काही उघडायचं.

या मापांची एककंसुद्धा हळूहळू स्थिरावली. ओहम, व्होल्ट, अँपिअर ही नावं १८८१ च्या पॅरिस परिषदेत पक्की झाली. वॅट विल्यम सीमेन्सने १८८२ मध्ये सुचवला. बराच काळ एक ओहम म्हणजे शून्य अंशाला १०६.३ सेंटीमीटर उंचीचा पाऱ्याचा स्तंभ होता. १९८० मध्ये क्लाऊस फॉन क्लिट्झिंगला थंड करून चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या सिलिकॉनच्या चकतीत रोधाचे अचल टप्पे सापडले. त्यांचं मूल्य कोणत्याही देशात, कोणत्याही चकतीवर २५,८१२.८०७ ओहम किंवा त्याला पूर्णांकाने भागून येणारं. १९८५ मध्ये त्याला नोबेल मिळालं आणि आता ओहमचं प्रमाण यावरच बेतलेलं आहे. ओहमला बर्फ आणि उकळतं पाणी लागलं होतं ते अचल राहणाऱ्या आकड्यासाठीच. तो शोध इथे येऊन पूर्ण झाला.

राहिला माणूस. शरीराचा रोध हा या विषयातला सगळ्यात फसवा आकडा आहे. मल्टिमीटरची दोन टोकं कोरड्या बोटांत धरली तर लाखांत ओहम दिसतात. २३० ला एक लाखाने भागलं तर अडीच मिलिअँपिअरही होत नाहीत आणि वाटतं, काही होणार नाही. पण मल्टिमीटर मोजतो ते एक-दोन व्होल्टवर. २३० व्होल्टला कातडीचा विरोध कोसळतो आणि त्यात घाम किंवा पाऊस असला तर हजार ओहमच्या आसपास रोध उरतो. २३० भागिले १,००० म्हणजे २३० मिलिअँपिअर. हृदयाचे ठोके बिघडायला याहून बरंच कमी पुरतं. दर पावसाळ्यात विहिरीवर, पत्र्याच्या शेडमध्ये, ओल्या भिंतीपाशी माणसं जातात ती या भागाकाराने.

अर्थिंग केलंय म्हणून आपण सुरक्षित, असं मानण्यातही एक हिशेब राहून जातो. मोटारीच्या बॉडीला फेज लागली आणि शेतातल्या अर्थिंगचा रोध २० ओहम असेल, तर मातीतून करंट जाईल साडेअकरा अँपिअर. खडकाळ जमिनीत, उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडल्यावर, वीस ओहम ही असाधारण गोष्ट नाही. १६ अँपिअरची एमसीबी त्या साडेअकरांना पडणार नाही आणि मोटारीच्या बॉडीवर जवळपास पूर्ण व्होल्टेज बसून राहील. अर्थिंग मोजून घ्यावं, खड्ड्यात पाणी घालत राहावं, पावसाळ्यानंतर मोटारीचं इन्सुलेशन मेगरवर तपासून घ्यावं, हे सगळं खरं. पण या परिस्थितीत जीव वाचवतो तो आरसीसीबी. जाणारा आणि परत येणारा करंट तो सतत ताडून पाहतो आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की क्षणाच्या अंशात पुरवठा तोडतो. अर्थिंगचा रोध वीस ओहम असो की दोनशे, त्याला पुरतं.

तुमच्या मीटरच्या डब्यात आरसीसीबी आहे का, आजच पाहा. नसेल तर आधी तो बसवून घ्या, मग नवीन गिझर. असेल तर त्यावर टेस्ट लिहिलेलं छोटं बटण महिन्यातून एकदा दाबा. बटण दाबूनही स्विच पडला नाही, तर त्याच दिवशी वायरमनला बोलवा.